आधी तुमची भिंत

४ एप्रिल २००१

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांत आज आणखी एकाची भर पडली: तोंडाला साबण फासलेला असताना नळ गेला. एक डोळा मिटून, भिंत चाचपत मी नव्या घरातलं पहिलं स्नान पंच्याने पूर्ण केलं. तरीही खूश आहे. बँकेने व्हीआरएस देऊन मला सन्मानाने हाकललं, म्हणून तर कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर हक्काचं घर झालं. न्हाणीघरात आधीच्या मालकाने जाता जाता निळ्या टाइल्स बसवल्यात, त्यांवर उड्या मारणारे डॉल्फिन. बायकोला, दीपालीला, ते बघवत नाहीत. मला आवडतात, घरात जलदर्शन सध्या तेवढंच.

सकाळचं पाणी चहाच्या रंगाचं येतं. खालचे तात्याराव, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, म्हणाले, पाच मिनिटं सोडून द्या, नितळ होतं. सभ्य माणूस. येताना वाटीभर कैरीची डाळ घेऊन आले.

११ एप्रिल

भैरू प्लंबरने जिन्यातल्या पाइपवर पाना ठेवून जरा दाबलं, तर गंजाचे पापुद्रे हातात आले. तीस वर्षांचा लोखंडी पाइप. लाल पाणी, बारीक धार, सांध्यांना ओल. अजून काय, तार यायची वाट बघताय का, असं त्याने विचारलं. पाइप तिन्ही मजल्यांच्या भिंतींतून जातो. म्हणजे डॉल्फिन फोडायचे! मी तात्यारावांना म्हटलं, आधी तुमची भिंत फोडा, मग आमची. ते म्हणाले, "अहो, ओल वरून येते. आधी तुमची." तिसऱ्या मजल्यावरचा सौरभ हिंजवडीला कॉम्प्युटरवर असतो. तो म्हणाला, तुमचं ठरलं की मेल टाका काका.

ठरलं नाही.

२३ एप्रिल

सकाळी भिंतीत धाडकन आवाज. तात्याराव वर आले. "सकाळी सकाळी कोणाला धोपटताय?" म्हटलं, धोपटण्याजोगं कोणी आत्तापर्यंत वर आलं नव्हतं. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने खालून पाइपवर बत्त्याचे ठोके सुरू झाले. मी पाना घेतला आणि परत केले. बरं वाटलं. नको इतकं बरं वाटलं.

३० एप्रिल

दीपालीने छडा लावला. सौरभने परदेशी नळ बसवलाय, फटकन बंद होणारा. तो बंद झाला की अडलेलं पाणी मागे धडकतं आणि सैल झालेला पाइप भिंतीवर आपटतो. तिने वर जाऊन स्वतः नळ बंद करून दाखवला. धाड. कोणी कोणाला मारत नव्हतं.

खरं आहे. पण तात्यारावांचे ठोके काही पाइपने मारले नव्हते. दीपाली म्हणते, भैरूला बोलवा आणि विषय संपवा. बोलावू. आधी तात्याराव माफी मागू देत. त्यांचंही म्हणणं हेच आहे, फक्त नाव माझं.

७ मे

रोज चालू आहे. ते बत्ता, मी पाना. एका डॉल्फिनचं तोंड फुटलं. दीपाली बोलत नाही.

१२ मे

दीपाली आंघोळीला गेली होती. खालून ठोके. गीझरचा सडका सांधा निखळला — उकळतं पाणी खांद्यावर, पाठीवर — टॉवेल उचलला तर कातडी सोबत आली. ती किंचाळत होती, तरी खालचे ठोके थांबेनात.

१४ मे

खाली गेलो. तात्यारावांनी दार उघडलं. हात चौकटीवर. काहीतरी बोलणार होते. मी दार ओढून घेतलं, सगळा जोर लावून. आवाज पाइपसारखाच आला. दोन बोटं लोंबत —

ते बत्ता घेऊन जिन्यात आले. माझे खालचे दात बेसिनमध्ये. लाल पाणी. सोडून ठेवलं. नितळ होईना.

१९ मे

दीपाली हॉस्पिटलमधून परस्पर भावाकडे गेली. निरोप आलाय: पाइप बदलल्याशिवाय त्या घरात पाऊल ठेवणार नाही. आणि माणूस बदलल्याशिवाय — भावाने पुढचं सांगितलं नाही.

सौरभने तो नळ काढून टाकला. भिंत गप्प आहे. तरी ऐकू येतं. भिंतीत नाही, जबड्यात. धाड — धाड —

२२ मे

तात्याराव आले. हाताला बँडेज. बत्ता नाही. "वहिनींची किंकाळी कानातून जात नाही हो. आज सकाळी माझी भिंत फोडली. भैरू नवे पाइप आणायला गेलाय. चुकलं माझं. पाइप बदलू आणि वहिनींना घरी आणा."

मी हात जोडले. या म्हटलं, आमचीही भिंत बघून घ्या.

ते न्हाणीघरात गुडघ्यांवर बसलेत. फुटक्या टाइलमागे डोकावताहेत. मी दाराशी स्टुलावर, वही मांडीवर. किती शांत —

बोटांच्या बदल्यात दात. ते फिटलं. दीपालीच्या पाठीच्या बदल्यात माझ्याकडून त्यांना काहीच गेलेलं नाही. एक ठोका राहिलाय. एकच. लहानसा. गाजावाजा नको —

तात्याराव पाना मागताहेत. बँडेज नसलेला हात मागे केलाय, मान खाली.

देतो, तात्याराव. देतो. हलू नका, मान तशीच —