पाटीवरून पडलेला अ

प्रिय मामा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. ‘मी ठीक आहे. तिथलं पाणी कसं आहे?’ माझी या छावणीत बदली झाल्यापासून तुझं हेच चाललंय. लोकांचे मामा विचारतात, जेवतेस का, झोपतेस का, साहेब फार ओरडतात का. तुला मात्र पाण्याची पडलेली. तर ऐक, पाणी चांगलं आहे. गार आहे, टाकीचं आहे, आणि त्या टाकीबद्दल मला तुझ्याशी बोलायचंच आहे, पण ते मागाहून. आधी चहा टाक आणि निवांत बस, कारण मी तुझ्यासारखी शब्दांची कंजूष नाही.

पहिली बातमी म्हणजे तुझी भाची निवडून आली. आमच्याकडे लग्न न झालेल्या जवानांचं एक मंडळ आहे, त्यात प्रत्येक बराकीचा एक प्रतिनिधी असतो. निवडणूक झाली तेव्हा मी एका ट्रकखाली आडवी पडून तुटलेली वायर शोधत होते. बाहेर आले, तर सगळ्याजणी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवताहेत. हजर असलेल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि जी हजर नव्हती तिच्या गळ्यात माळ पडली. आमच्या बराकीत एवढ्यात कुणाच्या गळ्यात माळ पडायची शक्यता नव्हती, म्हणून सगळ्यांनी त्यावरच हसून घेतलं.

काम मात्र झकास आहे. कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं, न्हाणीघरात गरम पाणी येईना, की ते मोठ्या साहेबांच्या कानावर घालायचं. सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी सहल काढायची, टेबल टेनिसचे सामने लावायचे, भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात जाऊन कुत्र्यांना आंघोळ घालून यायची. कुत्र्यांना कमी आणि आम्हालाच जास्त आंघोळ होते. तू म्हणशील, फौजेत गेलीस की शाळेच्या सहलीला? मलाही आधी असंच वाटलं होतं. पण बघ ना, लग्न झालेले संध्याकाळी क्वार्टर्सकडे वळतात. तिथे कुणीतरी दार उघडतं, उशीर का झाला म्हणून कुणीतरी भांडतं. आम्ही लोखंडी खाटेवरून उठायचं आणि लोखंडी खाटेवरच येऊन पडायचं. उशीर झाला तरी भांडायला कुणी नाही. नवीन आलेली पोरं तर सुट्टीचा अख्खा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असतात. त्यांना तिथून उठवणं हेच आमच्या मंडळाचं खरं काम.

त्यासाठी एक हॉल दिलाय. पत्र्याचं छप्पर, टेबल टेनिसच्या टेबलाच्या एका पायाखाली विटा, बसलं की कण्हणारा सोफा, आणि बुद्धिबळातला एक हत्ती हरवलाय म्हणून त्याच्या जागी कोटाचं बटण. बाहेर पाटी आहे, ‘अविवाहित जवान विरंगुळा केंद्र’, कापलेल्या पत्र्याची निळी अक्षरं स्क्रूने बसवलेली. हॉलची चावी एका निवृत्त ड्रायव्हरकडे असते, त्यांना सगळे चावीवाले म्हणतात. ते मागच्या खोलीत राहतात, संध्याकाळी दार उघडतात, चहाचं भांडं चढवतात, आणि कुणी तोंड पाडून बसला की त्याच्यासमोर पत्ते पिसायला लागतात. दुःख एवढंच की चावीवाले या महिन्याअखेर मुलीकडे राहायला चालले. गुडघे बोलायला लागलेत त्यांचे. त्यांच्या जागी माजी सैनिक हवा, आणि तो एकटा हवा, कारण मागच्या खोलीत एकच खाट मावते. जे कुणी बघायला आले, त्यांच्या बायकांनी खोलीत डोकावून नाक मुरडलं आणि विषय मिटला. मोठ्या साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, माणूस मिळाला नाही तर हॉलला कुलूप. तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

आता पाटीची गोष्ट. मी एका ट्रकचे मागचे दिवे दुरुस्त केले आणि ते लागतात का हे पाहायला गाडी मागे घेतली. दिवे मस्त लागले. गाडीचा कोपरा मात्र जाऊन पाटीला लागला. पाटी वाचली, फक्त पहिलं अक्षर खाली पडून चेपलं. मी म्हटलं, एक अक्षर तर गेलं, उद्या बघू. आपण काय घालवलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही, मामा. अख्ख्या पाटीतून एकच अक्षर गेलं, पण पाटीवर राहिलं काय? ‘विवाहित जवान विरंगुळा केंद्र’!

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वयंपाकाचा पहिला वर्ग ठेवला होता. विषय ऑम्लेट. दहा-बारा पोरं अंडी हातात घेऊन बॉम्ब धरल्यासारखी उभी होती, तेवढ्यात दारात ही गर्दी! क्वार्टर्समधल्या बाया, कडेवर बाळं, मागे सायकली घेऊन कार्टी. आमच्यासाठी कधी काही करत नाहीत म्हणत होतो, आणि बघा, अखेर केंद्र उघडलं, असं म्हणत सगळ्या आत. मी सांगायला पुढे झाले की ताई, इथे एक अक्षर कमी आहे. पण ऐकतंय कोण? एका हवालदाराच्या बायकोने माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि मला बाजूला सारून म्हणाली, अगं, तेल तापू दे आधी, नाहीतर अंडं तव्याशी संसार थाटेल. अर्ध्या तासात हॉलचा नूर पालटला. एकीने पोरांना बटणं लावायला शिकवलं. एकीने सोफ्याची स्प्रिंग आत कोंबली. तो सोफा आता कण्हत नाही, नुसता सुस्कारा सोडतो.

आमच्या शेजारच्या बराकीत एक वायरलेसवाला पोरगा आहे, त्याला सगळे मौनीबाबा म्हणतात. दिवसभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचं बोलणं ऐकतो, स्वतः चकार शब्द काढत नाही. मला त्याची खरंच काळजी वाटायची. त्या दिवशी एक शेंबडं पोर त्याच्या खांद्यावर चढलं आणि त्याचे कान धरून म्हणालं, चल घोड्या. मौनीबाबा चालला. नुसता चालला नाही, खिंकाळला! सगळा हॉल आपापलं काम सोडून त्याच्याकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आपणहून आला, चावीवाल्यांसमोर बसला आणि त्याने विचारलं, ते कालचं पोर पुन्हा कधी येणार आहे? मोठ्या साहेबांना हे कळल्यावर ते हसत सुटले. महिन्यातला एक रविवार आता सगळ्यांचा केलाय. अ परत लावा म्हणाले, पण फार घाई नको.

अ लावायचा म्हणजे आधी तो करायला हवा. पेंटरच्या घरात वाढलेली मी, मला वाटलं, त्यात काय! मी छाती काढून सांगितलं, मी करते. मामा, माझी फजिती झाली. तू शिडीवर उभा राहून सांगायचास ते सगळं आठवत होतं, की अ ला पोट हवं पण ढेरी नको, आणि दांडा ताठ हवा, पण कुणावर रागावल्यासारखा नको. माझ्या अ ला पोटही सुटलं आणि तो रागावलाही. रंगही जुळला नाही, बाकीची पाटी आकाशी आणि हा शाईसारखा. मोठ्या साहेबांनी मान तिरकी करून पाहिलं आणि विचारलं, हा अ आहे की कुणाचा कान? तरी मी तो बसवायला शिडीवर चढले. खालून चावीवाल्यांनी शिडी धरली होती. स्क्रू तोंडात धरून मी सहज मान वळवली, तर समोर पाण्याची टाकी. तिची ती बाजू खालून दिसत नाही, मध्ये झाडं येतात. तिच्यावर लिहिलं होतं, ‘पिण्याचे पाणी’.

तुझ्या दुसऱ्या वेलांटीला शेपूट असते ना, मांजर झोपताना आत ओढून घेतं तशी? आपल्या गल्लीतल्या बेकरीला ती आहे, लॉन्ड्रीला आहे, बंद पडलेल्या चक्कीलाही आहे. तीच शेपूट या टाकीवर होती. रंग उडालाय, मधे कुणीतरी वरून गिरवलंय, पण मला काय ओळखता येणार नाही? स्क्रू दातांत तसाच धरून मी शिडीवरूनच विचारलं, हे कुणी लिहिलंय हो? चावीवाले म्हणाले, होता आमच्या वेळेला एक पेंटर. संध्याकाळ झाली की अख्ख्या बराकीला ओढून या हॉलमध्ये आणायचा. पत्त्यांत लबाडी करायचा आणि पकडला गेला की स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. बहीण आणि मेहुणे अपघातात गेले म्हणून रजेवर गेला, तो परत आला एक लहान पोर कडेवर घेऊन, आपलं सामान जमा करायला. साहेबांनी परोपरीनं समजावलं की पोरीला वसतिगृहात ठेव, नोकरी सोडू नकोस. तो म्हणाला, नाही साहेब, ती अंधारात घाबरते. ते पोर एक रात्र बराकीतच झोपलं, कुणीतरी मोज्याची बाहुली करून दिली. सकाळी निघताना टाकीवरचं ‘पाणी’ लिहायचं राहिलं होतं, ते लिहून मगच गेला. पोर खाली रंगाचा डबा धरून उभं होतं.

माझ्या तोंडात स्क्रू होता ते बरं झालं. नाहीतर मी वरच भोकाड पसरलं असतं. मग खाली उतरले आणि त्यांना सांगितलं की ते पोर मीच. चावीवाल्यांनी शिडी सोडून माझाच खांदा धरला. मग म्हणाले, मोजा माझा होता. परत नाही आला.

आणि तू मला जन्मभर काय सांगितलंस? पाठ दुखायची म्हणून फौजेने घरी पाठवलं! मामा, कसली रे पाठ? त्याच पाठीवर शिडी टाकून तू अख्खं गाव रंगवलंस. त्याच पाठीवर मला घेऊन शाळेत पोचवायचास, कारण मला चिखल आवडायचा नाही. मी भरतीला निघाले तेव्हा तू खिडकीकडे तोंड करून ब्रश धूत होतास, आणि मला वाटलं, तुला आवडलेलं नाही. आज कळलं, तुला ते किती आवडत होतं. मला या सगळ्याचं वाईट वाटतंय आणि तुझा अभिमान वाटतो, आणि तुझा रागही येतो, तोही सांगून टाकते.

पलीकडच्या शिंपीणबाईंशी माझं फोनवर बोलणं होतं, तुला माहीत नाही. त्या सांगतात की दुकानांच्या पाट्या आता छापून येतात, त्यामुळे तुझी शिडी भिंतीला टेकलेली ती टेकलेलीच आहे. दोन्ही वेळा चहा-पाव खातोस. रेडिओला उत्तरं देतोस, आणि मागच्या आठवड्यात तर बातम्या देणाऱ्या बाईशी भांडलास. म्हणजे ‘मी ठीक आहे’ हे तुझ्या पाठदुखीइतकंच खरं.

तर आता मुद्द्याचं. मी मोठ्या साहेबांना तुझ्याबद्दल सांगितलंय. ते म्हणाले, माणूस आधी डोळ्यांनी बघू दे, आणि त्यालाही आम्हाला बघू दे. चावीवाले म्हणाले, बघायचं काय त्यात, अविवाहितांच्या केंद्राला त्याच्याइतका अनुभवी अविवाहित कुठे मिळणार? तुला मामा बनवून आणते असं समजू नकोस, मामा तू आहेसच. सरळ सांगते. मागची खोली लहान आहे, पण तिला खिडकी आहे आणि खिडकीतून टाकी दिसते. भिंतीकडे तोंड करून पडलेली पुष्कळ पोरं आहेत. पत्त्यांत लबाडी करणारं कुणी नाही. नाही आवडलं तर दोन दिवस राहून परत जा, मी अडवणार नाही, थोडी रडेन फक्त. पण तेवढा अ तरी लिहून दे. माझा मी काढून ठेवलाय, आणि पाटी पुन्हा विवाहितांची झालीय. लांबलचक उत्तर नको, तुला जमायचं नाही. ‘येतो गं’ एवढंच लिही आणि जाडा ब्रश बरोबर घे. शिडी इथे आहे. लहानपणी मी डबा धरायचे, आता शिडी धरते.

तुझीच,
ठिणगी