डबलसीट असतानाच येणारा आवाज

घाटकोपर,
ता. १७ फेब्रुवारी १९८७

चि. नंदूस,

तुझ्या भावोजींचे आधी आशीर्वाद आणि मागाहून थोड्या शिव्या. तू, तुझी बायको, तुझी शाळा आणि शाळेचं गळकं छप्पर सगळं खुशाल असावं. इकडे मी ठीक. तुझी ताई ठीक आहे, असं ताई म्हणते. (हे वाक्य दोनदा वाच. मी ते चारदा लिहून खोडलंय.) एरवी माझ्या पत्राच्या शेवटी तिच्या चार ओळी असतात. या खेपेस त्या नाहीत, कारण हे पत्र मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्टांच्या खोक्यांमागे बसून लिहितोय आणि तिला त्याचा पत्ता नाही. विषय तू दिलेल्या मोटारसायकलचा आहे. ताईचाही आहे. दोन्ही विषय एकच आहेत हे कळायला मला चार महिने लागले, तेव्हा तूही जरा दमानं घे.

तुझं लग्न ठरलं आणि कन्याकुमारीपर्यंत हुंदडून आलेली ती साडेतीनशे सीसीची गाडी, दोन्ही बाजूंच्या कॅनव्हासच्या पिशव्यांसकट, तू मोठ्या मनानं आमच्या गळ्यात मारलीस. 'भावोजी, हत्ती आहे हत्ती' म्हणालास. (हत्तीला म्हातारपण येतं हे तुमच्या शाळेत शिकवत नसावेत.) दसऱ्याला हार घालून मी एकटा भटवाडीतून चक्कर मारून आलो, तर गाडी अशी चालली की पोटातलं पाणी हलेना. मग ताईला मागे बसवली. गल्लीच्या तोंडाशी पहिला खड्डा आला आणि खालून आवाज आला, कर्रर्र, जसा कुणी जात्यात खडे दळतोय. ताई उतरली, आवाज गेला. बसली, आला. शेजारच्या वनमालाबाई गॅलरीतून म्हणाल्या, "गाडीला बायकोचं वावडं दिसतंय हो!" सगळी चाळ हसली. ताई सगळ्यांत जास्त हसली.

आता तुला ठाऊक आहे, मी वीस वर्षं गिरणीत मागावर, आमच्या भाषेत साच्यावर काढली. शंभर साचे खडखडत असताना बिघडलेला साचा मी डोळे मिटून दाखवत असे. (गिरणी गेली, कान राहिले.) तेव्हा हा आवाज मी स्वतःच शोधणार असं जाहीर केलं. एक वही घातली. कुठल्या रस्त्याला, कुठल्या गिअरला, कसा आवाज, सगळं लिहू लागलो. आधी गिअरबॉक्सवर संशय घेतला, तेल बदललं. मग क्लच उघडला आणि मिटताना एक वॉशर उरला. (तो अजून देव्हाऱ्यात आहे, कुठला ते देवालाच माहीत.) मग चेन काढून ग्रीसमध्ये उकळली, तीही ताईच्या पिठल्याच्या पातेल्यात. महिनाभर घरात पिठल्याला गाडीचा वास आणि गाडीला पिठल्याचा. ताई म्हणाली, "तुमचो एवढो जीव माझ्यावर असतो तर!" मी वहीतून डोकं वर काढलं नाही. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी हार मानून गोवंडीला अंबादासकडे गेलो. हा जालन्याकडचा, रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसतो, बोलतो कमी आणि ऐकतो जास्त. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे, डॉक्टरसारखं. त्यानं माझी वही वाचली आणि एकच विचारलं, "भाऊ, एकटं असताना वाजते का?" नाही म्हटलं. "मग पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन या." आम्ही गेलो, सोबत वनमालाबाईंनाही नेलं, रिक्षात. अंबादासनं शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर वाळूची पोती मोजून मागच्या सीटवर बांधली आणि माहुलच्या रस्त्याला फेऱ्या मारल्या. मग वनमालाबाईंना बसवलं. त्या नाकाला पदर लावून (तिथल्या तेलाच्या कारखान्यांचा वास तुला माहीत आहे) जाताना मारुतीस्तोत्र म्हणत गेल्या आणि आल्या त्या स्तोत्र अर्धवट टाकून, गाडीनं इतका आकांत केला होता. ताईही हौसेनं काट्यावर चढली. एकसष्ट किलो. "सासरी मिळालेलं एवढंच माझ्या नावावर आहे," म्हणाली.

निदान असं झालं: तू एवढं सामान लादून कन्याकुमारी केलीस की मागच्या स्प्रिंगा दमल्या. ओझं बसलं की गाडीची मागची बाजू खाली दबते आणि चेन कव्हरला घासते. "पंचावन्न किलोच्या पुढं गेलं की बोलती," अंबादास म्हणाला, "त्याच्या खाली गप." स्प्रिंगा जुन्या बाजारातून मिळवायच्या, तोवर वाजू द्या. ताई स्टुलावर चहा पीत हे सगळं ऐकत होती.

यानंतरचं मी भराभर लिहितो. दिवाळीत गाडी सगळीकडे वाजत होती. डिसेंबरात फक्त खड्ड्यात वाजू लागली. संक्रांतीला वाजेनाशी झाली. मी चेनला एरंडेल पाजत होतो, त्याचाच हा गुण असं मला वाटलं. नंदू, मी चाळीत पेढे वाटले रे. ताईनंही अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा माझ्या हातावर ठेवला. मिरवायला म्हणून मी तिला घेऊन अंबादासकडे गेलो आणि त्याला माझं एरंडेलचं शास्त्र समजावलं. त्यानं कव्हर बघितलं, स्प्रिंगा दाबल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, कव्हर तसंच हाय, स्प्रिंगा त्याच हायत. मशीन आपणहून बरी होत नसती. वहिनींना काट्यावर उभं करा." ताई म्हणाली, उशीर होतोय, चला. मला त्याचा राग आला. परक्या बाईच्या वजनाची याला काय पंचाईत, असं वाटेत बडबडत आलो. पण घरी आल्यावर पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. पोलक्याच्या बाह्यांना आतून टाके घातले होते. फेब्रुवारीच्या उन्हात स्वेटर होता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ना, तसा मी चार महिने चेनला तेल घालत बसलो होतो.

त्या रात्री डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणाली, "माका काय झालेला नाय. उगाच नाट लावू नकात." आणि पुढच्या रविवारी चमत्कार झाला. ती मागे बसली, खड्डा आला आणि गाडी वाजली! कर्रर्र! मी रस्त्यात ओरडलो, "आला, आला!" लोक बघायला लागले. खरं सांगतो, सनईसुद्धा मला कधी इतकी गोड लागली नाही. ताई खांद्यावरून म्हणाली, "बघा, उगाच घाबरत होतात." मी गाडी तशीच बाजाराकडे वळवली. तिला बांगड्या भरायच्या होत्या. (एक माप लहान. जुन्या हातातून गळतात.) ती कासाराकडे गेली आणि मी गाडी पुसायला फडकं शोधायचं म्हणून तुझ्या कॅनव्हासच्या पिशवीत हात घातला. आत जुन्या साडीत गुंडाळलेला वरवंटा होता. त्याखाली लोखंडी खलबत्ता. आठ दिवस घरात चटणी का नव्हती ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं.

मी सगळं पुन्हा साडीत गुंडाळून होतं तसं ठेवलं. ती आली, हात पुढे करून बांगड्या दाखवल्या. छान आहेत म्हटलं. येताना गाडी सबंध रस्ताभर वाजत होती, आणि आम्ही दोघं स्प्रिंगा लवकर बदलायला हव्यात असं बोलत आलो.

मला भीती वाटते, नंदू. गिरणी बंद पडली तेव्हा वाटली नव्हती एवढी. सगळ्या चाळीला मी अक्कल शिकवतो, पण 'मला कळलंय' हे दोन शब्द तिला सांगायला माझी जीभ उचलत नाही. तिला कळलंय की मला कळेल, म्हणून ती ओझं वाहतेय, आणि मला कळलंय हे तिला कळू नये म्हणून मी. घरच्यांना आशीर्वाद. शाळेचं छप्पर पावसाआधी शाकारून घे.

तुझा,
काशीराम भावोजी

ता. क. — अंबादासला जुन्या बाजारात स्प्रिंगा मिळाल्या. बसवू नकोस असं मी त्याला सांगितलंय. त्यानं त्या कागदात गुंडाळून फळीवर ठेवून दिल्या.

ता. क. दुसरा — वर गाडीच्या नावानं तुला जे बोललो ते मनावर घेऊ नकोस. खरं काम हे आहे: तू ये. गाडीचा आवाज ऐकायला आलोय असं सांग. तुमची आई गेल्यावर तुला ताईनंच वाढवला, तुझ्यापुढे तिचा हट्ट चालत नाही. आईला डॉक्टरकडे नेलं आणि ती परत आली नाही, एवढंच हिच्या मनात घट्ट बसलंय, आणि तिथे माझं एरंडेल चालत नाही. तिला हाताला धरून डॉक्टरकडे ने. मी मागून येईन. उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव.

ता. क. तिसरा — शिमग्याच्या सुट्टीत येतो असं लिहिणार असशील तर लिहू नकोस. परवा रविवारी पुन्हा निघालो होतो, ते वर लिहिलं नाही, टाळत होतो. गाडी पहिल्यासारखीच वाजली. ती देवळात गेल्यावर मी पिशवी उघडली. वरवंटा होता, खलबत्ता होता, आणि आता त्यांच्यावर भाकरीचा लोखंडी तवाही होता. आज सकाळी डब्यात दिलेल्या भाकऱ्या वनमालाबाईंच्या तव्यावरच्या आहेत. हे पाकीट हातात पडेल त्याच दिवशीची गाडी धर.