शुक्रवारचा उपास

अप्पा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि आज भांडायला दुसरं कोणी सापडत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. पापनाशमची एकोणीस वर्षांची मुलगी, आपल्यातलीच, तमिळ मुलखातली मराठी, माझ्या वॉर्डात आहे. तिच्या स्वादुपिंडात गाठ असावी असा मला संशय होता. अशी गाठ क्वचितच आढळते. ती वाटेल तेव्हा इन्सुलिन सोडते, पोट रिकामं असलं की रक्तातली साखर घसरते आणि पोर आकडी येऊन पडते. घरच्यांनी काय करावं? आकडी जावी म्हणून तिला शुक्रवारचा उपास धरायला लावला. शुक्रवारी हटकून आकडी येऊ लागली, तेव्हा मंगळवारही धरला. ऐकून मी कपाळाला हात लावला.

खात्री करायची तर तिला आमच्या नजरेखाली उपाशी ठेवायचं आणि साखर घसरताच रक्त घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी घसरायची ती साखर चढली. तिची आई शपथेवर सांगे, पोरीने काही खाल्लं नाही. उशीमागे पानाचा द्रोण सापडला, तळाशी गूळभाताची शितं. "प्रसादाचा पोंगल तो, डॉक्टरअम्मा," ती म्हणाली. "दोन घांस. प्रसाद म्हणजे खाणं नव्हे कीं." घरी पोरीला आठवड्यातून दोनदा उपाशी ठेवणारी बाई आम्ही उपाशी ठेवा म्हटल्यावर मात्र गोड भरवते. मी सगळ्या वॉर्डासमोर तिच्यावर ओरडले. ती खाली मान घालून द्रोण पुसत राहिली.

तुम्ही ओरडला नसतात. मी शिकत असताना तुमच्या दवाखान्यात मदतीला यायची, तेव्हा एकदा भोवळ आलेल्या एका माणसाचा कागद मी भराभर लिहीत होते, तर तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेतलंत. "तो जेवला केव्हां, तें विचारलंस?" तुम्ही एकेकापाशी अर्धा अर्धा तास बसायचात, बाहेर रांग खोळंबायची, आणि मी चिडायचे. आमच्या ओपीडीत तसं बसता येत नाही अप्पा, हे तुम्हाला कोण समजावणार.

चाचणी पुन्हा केली. गाठ सापडली, हरभऱ्याएवढी. उद्या ऑपरेशन आहे, आणि मला भीती वाटतेय. आज राउंडला मी विद्यार्थ्यांना म्हणाले, कुणा घाईच्या डॉक्टरने आकडीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि हिचं दीड वर्ष फुकट गेलं. आई शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पोरीचं पांघरूण नीट केलं.

हे पत्र पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. फाइलमधली ती पहिली, आकडीच्या गोळ्यांची चिठ्ठी माझ्या अक्षरातली आहे.