राखाडीत राखाडी

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फोडलंस, त्याबद्दल आधी तुझे आभार. अक्षर वाकडं आलंय. चाळीस वर्षं लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आणि आता लेकीचा पत्ता सरळ लिहिता येईना. हसायचं तर हस.

आईचं सगळं आटोपून तू निघालीस, तेव्हा दारात चपला घालता घालता म्हणालीस, की शेवटचे चार महिने तिनं तुझ्या एकाही पत्राचं उत्तर दिलं नाही, म्हणजे शेवटी तीही बाबांच्याच बाजूची झाली. खरं सांगतो, ते ऐकून मलाही तसंच वाटलं होतं, आणि लाज वाटते सांगायला, पण थोडं बरंही वाटलं होतं. तुझ्या लग्नाला मी आलो नाही, त्याला दोन वर्षं झाली. तुझं नाव निघालं की मी उठून बाल्कनीत जायचो. फोनवर मी ऐकेन म्हणून ती तुला फोन करायची नाही. रोज दुपारी तुझ्या खोलीतल्या त्या जुन्या संगणकासमोर बसून तुझी पत्रं वाचायची, एकेका बोटानं उत्तर लिहायची, मधेच एकटीच हसायची. माझा जळफळाट व्हायचा.

त्यातच माझे हात थरथरायला लागले आणि ब्रश सुटला. हाताला काम नसलं की माणूस घरातल्यांना छळतो. मी नळ खोलले, धड चालणारी दारं तासली, आईनं कपाळाला हात लावला. मग माझी नजर गेली, तुझी पत्रं ज्यात उघडायची त्या ब्राउझरवर. अख्खा संगणक शांत राखाडी, आणि मधेच तुझी ती भडक पिवळी खिडकी, अक्षरं ही एवढाली. शोकसभेत कुणी शिट्टी मारावी तसं. म्हटलं, पोरीला रंगाची काही जाण नाही, बापाकडून एवढंही शिकली नाही.

ते जुळवायला मला तीन आठवडे लागले, ठमे. तयार राखाडी थीम लावून पाहिली, तर तिच्यात निळसर झाक. मग कळलं की रंगांना आकडे असतात आणि ते आपल्याला हवे तसे घालता येतात. एकेक आकडा बदलायचा, चष्मा पुसायचा, मागे सरकून बघायचं, अगदी पाटीसमोर उभा राहायचो तसा. वरची पट्टी, टॅब, बटणं, सगळं बाकीच्या संगणकासारखं केलं. अक्षरंही बाकीच्यांएवढीच बारीक केली. ब्राउझर कुठे संपतो आणि संगणक कुठे सुरू होतो, सांगून दाखव म्हणावं! हात गेले, पण नजर शाबूत आहे, असं वाटून किती महिन्यांनी मी जेवताना दोन घास जास्त खाल्ले.

आईला हाक मारून दाखवलं. ती खुर्ची ओढून अगदी जवळ बसली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, छान जमलंय हो. माझ्या प्रत्येक पाटीला ती हेच म्हणायची. मी खूश.

तुझं दारातलं बोलणं डोक्यातून जाईना, म्हणून परवा मी संगणक लावला. सतरा पत्रं. एकही उघडलेलं नाही. मी ती वाचली नाहीत, ती तिची आहेत. पण जुन्यांतलं एक वाचलं, तुझं अगदी पहिलं. त्यात तू लिहिलंयस, आई, काचबिंदूनं आता बारीक दिसणार नाही, म्हणून खिडकी मुद्दाम पिवळी केलीय; राखाडीत पिवळं दिसलं की तिथे मी आहे, तिथे दाबायचं. आणि पुढे, बाबांना डोळ्यांचं सांगू नकोस म्हणतेस, ठीक आहे, नाही सांगत. मी त्याच खुर्चीत बसून होतो. तिला एवढं कमी दिसतंय, हे एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं. आणि ज्या दिवशी मी तिच्या डोळ्यांपुढून तुला पुसून टाकलं, त्या दिवशी माझा हिरमोड होऊ नये म्हणून ती छान म्हणाली.

इथेच थांबलो असतो तर सगळं रंगावर ढकलून मोकळा झालो असतो. पण खरं वाईट ते पुढेच आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. रंग बदलल्यावर पहिल्या आठवड्यांत तिनं मला तीन-चारदा विचारलं, अहो, ठमीचं काही आलंय का, जरा बघता का. मी वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणालो, तिला आता कुठला वेळ आपल्यासाठी. बघितलं नाही ग मी. उठून चार पावलं गेलो नाही. मग तिनं विचारायचं सोडलं. तरी रोज दुपारी त्या खुर्चीत जाऊन बसायची, आणि मी समजायचो, लेकीशी गप्पा चालल्यात. ती माझ्या बाजूची झाली नव्हती, ठमे. तू लिहायचं थांबवलंस असं समजून ती गेली, आणि ते तिला मी सांगितलं होतं. माझ्यावरचा राग जन्मभर ठेव, माझी काही तक्रार नाही. तिच्यावरचा तेवढा सोड.

तुझाच, तू म्हणशील तर,
बाबा