रुखवताच्या टेबलावरचं चॉकलेटचं कारंजं

मुलुंड पूर्व,
मंगळवार

ती. सौ. आक्कास,

काशीरामचा वाकून नमस्कार. (रिसेप्शनला खुर्च्या उचलून कंबर धरली आहे, त्यामुळे एकदा वाकलो की बराच वेळ तसाच राहतो. नमस्कार तेवढा मोठा समजावा.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची शुगर? आम्ही सारे बरे आहोत. गेल्या नऊ दिवसांत तू माझे एकतीस फोन उचलले नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या सौरभच्या हाती देतो आहे. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

तू रागावलीस त्यात तुझं काही चुकलं नाही. पंधरा दिवस विक्रोळीच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात बसून तू आमच्या मानसीच्या लग्नातल्या रुखवतासाठी अख्खं कौलारू घर उभं केलंस. शंकरपाळ्यांच्या भिंती, चिरोट्यांची कौलं, खोबऱ्याच्या वड्यांचा गोठा, गोठ्यात सुपारीची गाय, अंगणाला चकल्यांचं कुंपण. आणि हॉलवर येऊन बघतेस तर टेबलाच्या मधोमध चॉकलेटचं पाच मजली कारंजं, आणि तुझं घर कडेला सरकवलेलं. त्यात आमची जया म्हणाली, "आक्का, कोपऱ्यात पण मस्त दिसतंय ना!" तू "तुमचा कारंजा तुमकाच लखलाभ" म्हणालीस आणि न जेवता रिक्षात बसलीस. (कारंज्याला माझा विरोध होता. मनातल्या मनात होता, पण कडक होता. जयाच्या ऑफिसातल्या शर्मिष्ठाच्या मुलीच्या लग्नात तीन मजली होतं, म्हणून आपल्याकडे पाच, एवढंच कारण.)

आता तू गेल्यानंतर काय झालं ते ऐक. ऐकून तुला बरंच वाटेल.

साडेसातला कारंजं वाहायला लागलं. केटररने त्याच्यापाशी अनिरुद्ध नावाचा माणूस उभा केला होता, काळे हातमोजे, गळ्यात बो, एखाद्या सर्जनसारखा. चॉकलेटमध्ये बुडवायच्या स्ट्रॉबेऱ्या मात्र चुकून भांडुपच्या कुठल्याशा मुंजीला गेल्या होत्या. "येतीलच अर्ध्या तासात," असं तो दर दहा मिनिटांनी सांगत होता. तोवर पाहुणे आले. आता आपली माणसं तुला माहीत आहेत. रुखवत म्हणजे बघायचं, हात लावायचा नाही, हे सगळ्यांच्या अंगात भिनलेलं. एकाच टेबलावर, एकाच जरीच्या कापडावर दोन्ही मांडलेलं, तेव्हा कारंजंही रुखवतातलंच ठरलं. रांगच लागली, आक्का. हात पाठीमागे बांधून माणसं पुढे सरकतायत, फोटो काढतायत.

"शेवंताक्काने डोकं काय लढवलंय बघ! चॉकलेट वर चढवलंय!"

"आत मोटर असेल गं."

"असू दे ना मोटर. बसवली कोणी? ह्या वयात!"

वसुधामावशीने तर अनिरुद्धला विचारलं, "तुम्ही शेवंताचे कोण?" तो म्हणाला, "मी केटरिंगचा." त्यावर मावशी म्हणाली, "ते झालं रे, पण नात्याने कोण?" (शेवटी त्याने भाचा म्हणून सांगितलं. बिचाऱ्याचे पाय दुखत होते.)

पाऊण तास कोणी बोटसुद्धा लावलं नाही. स्टेजवर जयाचं हसू हळूहळू वाळत चाललं होतं. तेवढ्यात घाटकोपरच्या विहीणबाई जवळ आल्या आणि सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाल्या, "हे नुसतं बघायचंच आहे का हो?" जयाचा चेहरा मला बघवेना. मग माइकवरून घोषणा झाली, की मंडळी, टेबलावरचं सगळं खाण्यासाठीच आहे, लाजू नका. आणि मंडळी लाजली नाहीत. वीस मिनिटांत कारंजं आटलं.

तेव्हा आक्का, कारंजं जयाचं आणि नाव झालं तुझं. आता राग सोड. भावोजींना नमस्कार, सौरभला आशीर्वाद.

तुझा,
काशीराम

ता. क. रुखवत मानसीच्या सासरी नीट पोचलं का, असं तू सौरभकडून विचारलंस. त्याचं असं आहे. घोषणा सव्वाआठला झाली आणि स्ट्रॉबेऱ्या आल्या साडेनवाला. मधल्या काळात लोकांना काहीतरी बुडवणं भाग होतं. आधी कुंपण गेलं. (चकली चॉकलेटमध्ये वाईट लागत नाही, असं जावईबापूंचे काका म्हणाले, चार खाऊन झाल्यावर.) मग गोठा. छपरासमोर वसुधामावशी हात पसरून उभी राहिली, पण पुढे तिनेच एक कौल मागितलं. सुपारीची गाय वाचली आहे. ती आम्ही कोमट पाण्याने धुतली.

ता. क. २ घोषणा मी केली. जया रडायच्या बेतात होती, हातात माइक आला, आणि 'टेबलावरचं सगळं' हे शब्द तोंडातून गेल्यावर मला तुझं घर दिसलं.

ता. क. ३ खरं म्हणजे पत्र यासाठी. रविवारी मानसी आणि कृणाल लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला येतायत, विहीणबाईंसकट. मानसीने बजावलंय, "आत्या नसेल तर मी कोणाकडूनच ओटी भरून घेणार नाही." ती तुझीच भाची, भरून घेणार नाहीच. विहीणबाईंनाही वड्या करणारा हात बघायचा आहे. तेव्हा ये. येताना जमलं तर गोठा परत आण. कुंपण नसलं तरी चालेल.

आक्का,

पत्र पाकिटात घालायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गोठा बिलकूल आणू नका. घर मधोमधच हवं होतं. सगळ्यांसमोर ते सरकवलं मी, ह्यांनी नाही. उद्या सकाळी चार नारळ घेऊन मी विक्रोळीला येते. खवणार मी, वड्या थापणार मी. तुम्ही गुडघ्याखाली उशी घेऊन बसा आणि मला काय बोलायचं ते बोलून घ्या. दोन दिवसांची रजा टाकली आहे.

जया