कोरगावची विहीर

रविवार, दिवेलागणीला

शेवटी नवा फ्लॅटच ठरला. मन मात्र कोरगावच्या त्या जुन्या घरात अडकलंय. सुलभाला आणि मला ते बघताक्षणी आवडलं होतं. चिऱ्याच्या भिंती, ओसरीवर बसायला थंड सोपो, मागे विहीर. घरमालक वासुबाबांनी आपण होऊन विहिरीत कळशी सोडली. वर आला तो चिखल.

"डोंगरार बिल्डिंगी झाल्यो, तेंणी बोअर मारले. आमची झर गेली. लपवन कित्याक विकू?"

तिथून आम्ही डोंगरावर त्यातल्याच एका नव्या बिल्डिंगीत गेलो. दलालाने नळ सोडून दाखवला. पाणी धो धो. मला तो कळशीतला चिखलच दिसत राहिला. परत येताना सुलभा म्हणाली, "बिनपाण्याच्या घरात राहणार कसं?" खरंच होतं. पण म्हणून तिथेच घ्यायचं? दुसरं परवडणारं तरी कुठे आहे?

मघाशी वासुबाबांना फोनवर नकार कळवला.

"बरा केलात," ते म्हणाले. "मगे घर खंय घेतलात?"

डोंगरावर, हे तोंडातून निघेना. "डिचोलीला," मी लांबच्या गावाचं नाव सांगितलं.

"थंय पाणी आसा मां?"

"आहे," म्हणालो आणि फोन ठेवला.