पाकिटांची अदलाबदल आणि त्यानंतरची व्यवस्था

खाली सही करणारी मी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, परदेशी भाषांच्या शिष्यवृत्ती कार्यालयातून निवृत्त झालेली कारकून, राहणार दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार, असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या अक्षरात, कोणी दटावले किंवा गोड बोलले म्हणून नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते. डॉक्टरबाईंनी मला तीन प्रश्न विचारून डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. मी त्यांना उलट सात प्रश्न विचारले.

माझ्या मागे या कागदाप्रमाणे सगळे पार पाडण्याचे काम माझ्या भाच्याने करावे. तो आळशी आहे, पण खोटे बोलत नाही.

कलम १. माझ्या आरशाच्या कपाटावर माझ्या धाकट्या बहिणीचा गेली तीस वर्षे डोळा आहे. "ताई, तुझ्यानंतर हे मला हं," असे ती दर भेटीत म्हणते आणि कपाटाऐवजी माझ्या तोंडाकडे निरखून बघते. कपाट तिला द्यावे. डाव्या दाराचे बिजागर निखळले आहे, हे तिला आधी सांगू नये.

कलम २. आमचे त्या वेळचे मोठे साहेब हयात आहेत असे कळते. माझ्या नोंदवहीला ते "बाईंच्या नसत्या उठाठेवी" म्हणत. पुढे कार्यालयाच्या वर्धापनदिनाला त्यांनी तीच वही दोन दिवस मागून नेली आणि व्यासपीठावरून तिची चार पाने स्वतःचे संशोधन म्हणून वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. साहेबांना माझ्या खुर्चीवरची उशी पोचती करावी. ते संशोधन तिच्यावर बसून झाले आहे.

कलम ३. आता ती नोंदवही. आमच्या नियमपुस्तकात एक रकाना होता, 'पाच वर्षांनंतरची सद्यस्थिती'. शिष्यवृत्तीवर परदेशी भाषा शिकून आलेला विद्यार्थी पुढे कुठे गेला, काय करतो, हे कार्यालयाने टिपून ठेवावे असा नियम. मी रुजू झाले तेव्हा तो रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा होता. कोणाला पडलेलीच नव्हती. मला मात्र राहवेना. एका माणसाच्या तोंडात आपण खर्च करून एक अख्खी भाषा घातली, तर त्या भाषेचे त्याने पुढे केले काय? मी पत्रे लिहू लागले. उत्तर आले नाही की सुट्टीच्या दिवशी पत्ता शोधत जाऊ लागले. कार्यालयात मला चौकशीबाई म्हणू लागले, आणि त्यात काही खोटे नव्हते.

एकाला बुद्धिबळाची परदेशी पुस्तके मुळातून वाचायची होती. तो आज अग्निशामक दलात बंब चालवतो आणि बुद्धिबळ सुटले ते सुटलेच. एक बाई न्यायालयात दुभाषी आहे. बावीस वर्षांत निम्म्या वेळा तरी तिला एकाच वाक्याचे भाषांतर करावे लागले, "मी तिथे नव्हतोच." बर्फाळ देशाची भाषा शिकलेला एक जण मला शीतगृहात भेटला, कानटोपी घालून बटाट्याची पोती मोजत. "थंडीची सवय झाली होती, वाया कशाला घालवू?" म्हणाला. एक मुलगी तिकडेच राहिली, कृत्रिम पाय बनवते. एक गृहस्थ सगळी भाषा विसरले, फक्त शिव्या आणि एक ते वीस आकडे तेवढे राहिले होते. त्यांनी मला दोन्ही म्हणून दाखवले. काही जण मला त्या त्या भाषेतच उत्तर धाडत, ते मला वाचता येत नसे, मग एकाचे पत्र घेऊन मी दुसऱ्याच्या दारी जायची. त्यातून दोघांचे जमले आणि लग्न झाले. त्याला माझा इलाज नव्हता.

अर्ज हातात आला की कोण कुठे पोचेल याचा अंदाज मी पेन्सिलीने कोपऱ्यात लिहून ठेवायची. एकही बरोबर आला नाही, आणि याच गोष्टीची मला जन्मभर गंमत वाटत आली. नोंदवही बंबवाल्याला द्यावी. सगळ्यांनी आपापली हकिकत कळवली, पण "बाकीचे कुठे आहेत?" असे उलट विचारणारा तो एकटाच.

कलम ४. बँकेतल्या माझ्या ठेवीतून दरवर्षी एका विद्यार्थ्याला परदेशी भाषा शिकण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. भाषा कोणतीही, वयाची अट नाही, पुढे त्याच भाषेत नोकरी करीन असे लिहून घेऊ नये. अटी दोनच. पहिली, पाच वर्षांनी 'सध्या काय चालले आहे' या प्रश्नाला उत्तर पाठवावे. 'काही नाही' हेही उत्तर चालेल. दुसरी, परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला, निवड होवो न होवो, त्याचे गुण लेखी द्यावेत, आणि नाव नुसते पाकिटावर नव्हे, पत्रातही लिहावे. ही दुसरी अट कशासाठी, ते पुढे येते.

कलम ५. राहत्या दोन खोल्या माझी मैत्रीण, बाजारामागच्या गल्लीत शिवणकाम करणारी, हिला द्याव्यात. तिच्या ओठांत दिवसभर टाचण्या असतात म्हणून मी तिला टाचणी म्हणते. कारण खाली देत आहे. ते माझ्या मृत्यूनंतरच तिला वाचून दाखवावे.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी, मला नोकरी लागून तिसरा महिना चालू होता. एका भाषेची एकच जागा होती आणि परीक्षेला दोघीच बसल्या होत्या. निवडीचे पत्र आणि नकाराचे पत्र, दोन्ही छापील असत, नाव फक्त पाकिटावर. मी पत्रे पाकिटांत घातली, डिंक लावला, टपालात टाकली. चौथ्या दिवशी एक मुलगी वडिलांना घेऊन निवडीचे पत्र नाचवत आली. मी यादी काढली. ती दुसरी होती.

तेव्हाच उठून साहेबांकडे जायला हवे होते. मी गेले नाही. नोकरी कायम झाली नव्हती आणि घरी खाणारी तोंडे चार होती, हे खरे, पण मुख्य म्हणजे मी घाबरले. मी यादीचे पान नव्याने टंकले, नावे उलटी केली, साहेबांनी न बघता सही ठोकली.

दुसऱ्या आठवड्यात पहिली आलेली मुलगी चौकशीच्या खिडकीशी आली. काचेला खाली हाताएवढे भोक होते, त्यातून वाकून तिने विचारले, "मी कुठे कमी पडले?" मी म्हटले, "गुण कमी पडले." तिला ते पटेना, तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. ती "बरं" म्हणाली आणि गेली.

ती टाचणी. पाच वर्षांनी नियमाप्रमाणे दुसऱ्या मुलीचा शोध घेतला तेव्हा हिचाही घेतला, म्हणजे नियम नसताना. कापड घेऊन गेले, माप दिले, तिने मला ओळखले नाही. तेव्हापासून चाळीस वर्षे माझे सगळे कपडे तिनेच शिवले आणि मैत्री कधी झाली ते दोघींना कळले नाही. "आपलं डोकं कमी, हात बरे," हे तिचे पालुपद. शिवणवाल्यांच्या संघटनेने तिला चिटणीस व्हा म्हणून गळ घातली, तेव्हाही तिने हेच सांगितले. मी तिथेच स्टुलावर बसले होते.

आणि जी गेली, तिचे काय? दोन वर्षांनी परत आली, कपडे धुण्याच्या यंत्रांची माहितीपत्रके भाषांतरित करायची नोकरी केली, ती सोडली आणि आता तलावावर पोहायला शिकवते. हसतमुख बाई आहे. मला म्हणाली, "पेपरात मी एक अख्खं पान कोरं सोडलं होतं, तरी निवड झाली. त्या पत्रानेच मला पहिल्यांदा वाटलं, की आपण हुशार आहोत." एका पाकिटाने एक हुशार झाली आणि दुसऱ्याने दुसरी मठ्ठ. मी काही तिला सांगितले नाही. तिचा काय दोष?

येथवर लिहून कागद वकीलबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा काढला.

"हे तुम्ही मेल्यावर तिला मी वाचून दाखवायचं?"

"हो."

"मी नाही वाचणार," त्या म्हणाल्या. "तुमची जीभ शाबूत आहे."

म्हणून मी गेले. टाचणी कोणाच्या तरी कोटाला बाही जोडत होती. मी सगळे एका दमात सांगितले. तिने यंत्र थांबवले, ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या.

"किती गुण होते मला?"

"एक्याण्णव."

"तिला?"

"चौसष्ट."

"म्हणजे खिडकीत तू होतीस." चाळीस वर्षे ती मला 'तुम्ही' म्हणत आली होती. "मी दोनदा विचारलं होतं."

"हो."

"आणि हे मला कळणार कधी होतं?"

"मी गेल्यावर. घरासोबत."

"म्हणजे तू सुटलीस. मग मी भांडायचं कोणाशी, तुझ्या खुर्चीशी?"

"मला धीर नव्हता गं."

"त्यानंतर मी एकही परीक्षा दिली नाही. लेक अभ्यासात अडली की तिला बापाकडे पाठवायचे, मला काय कळतंय म्हणून. आणि तू इथे बसून ऐकत होतीस." तिने बाही पुन्हा यंत्राखाली घेतली. "जा आता. शिवण वाकडी जाईल."

बावीस दिवस ती आली नाही. त्या दिवसांत मला इतकी लाज वाटली की जिना उतरवेना. तेविसाव्या दिवशी दारात उभी राहून तिने विचारले, "ती दुसरी असते कुठे?"

मी सांगितले. माहितीपत्रके, तलाव, सगळे. तिने खोदून खोदून विचारले, माझ्यावर ताण केली. कोऱ्या पानाची गोष्ट तिने तीनदा सांगायला लावली आणि तिसऱ्यांदा हसत सुटली, हसता हसता रडली, मग मलाही आवरेना.

"मृत्युपत्राला साक्षीदार कोण?" तोंड पुसून तिने विचारले.

"एक डॉक्टरबाई. दुसरं अजून ठरायचंय. तू चालत नाहीस. ज्याला काही मिळणार आहे त्याने सही करायची नसते, वकीलबाई म्हणाल्या."

"मग मला काही देऊ नकोस."

"अगं, घर आहे!"

"घर घेतलं की फिटलं असं होईल. मला ते फिटायला नकोय. मी पहिली आले होते हे ज्या कागदावर लिहिलंय, त्याच्याखाली मला सही करायचीय."

वकीलबाईंनी तिला समजावले की साक्षीदार फक्त माझ्या सहीची साक्ष देतो, मजकुराची नाही. टाचणी म्हणाली, "कायद्याला काय समजायचं ते समजू दे."

कलम ६. सबब कलम ५ मधील घराची देणगी मी रद्द करते. ते कलम फाडून नव्याने लिहा असा सल्ला मिळाला, तो मी मानलेला नाही. एकदा पान नव्याने टंकले, तेवढे पुरे. घराचे काय करू, असे मी टाचणीला विचारले. "परीक्षेला आले तेव्हा मी स्टँडच्या बाकावर झोपले होते," ती म्हणाली. तरी या दोन खोल्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींच्या मुक्कामासाठी ठेवाव्यात. किल्ली भाच्याकडे राहील. बहिणीने यावर हक्क सांगू नये, तिला कपाट दिले आहे.

कलम ७. मी जाहीर करते की त्या वर्षीच्या परीक्षेत माझी ही मैत्रीण पहिली आली होती. तिचे गुण कमी पडले, असे मी तिला सांगितले, ते धादांत खोटे होते. हे विधान कोणाच्याही दबावाखाली केलेले नाही. ते करायला मला पंचेचाळीस वर्षे लागली.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

स्थळ : माझी बाहेरची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक : महिन्याची नऊ तारीख, बुधवार, सकाळी अकरा वाजता.

(सही) लिहून ठेवणार, चौकशीबाई

साक्षीदार १ : दवाखान्याच्या डॉक्टरबाई. वय बावन्न. धंदा, वैद्यकी. (सही)

साक्षीदार २ : तपशील साक्षीदाराने स्वतःच्या हाताने भरला आहे.
वय पासष्ट. धंदा, शिवणकाम. शंभरात एक्याण्णव. (सही)